हें बटण दाबल्यानें काय होतें?

अंधेरी पूर्वेची विधानसभेची पोटनिवडणूक ३ नोव्हेंबर २०२२ रोजीं झाली. श्रीमती ऋतुजा लटके ६६,५३० मतें घेऊन निवडून आल्या. दुसरा क्रमांक कोणाचा? कोणाही माणसाचा नव्हे! ‘वरीलपैकीं कोणी नाहीं’ या बटणावर, म्हणजे ‘नोटा’वर, १२,८०६ मतें पडलीं. उरलेल्या सहा उमेदवारांपैकीं एकालाही दोन हजारांचा पल्ला गांठतां आला नाहीं. शंभरांतले अडुसष्ट मतदार तर केंद्राकडे फिरकलेच नाहींत.

भारतीय जनता पक्षानें आपला उमेदवार आधींच मागें घेतला होता. ‘नोटा’साठीं नोटा वांटल्याचा आरोपही झाला. (नांवच असें पडलें आहे कीं आमच्या बायाबापड्यांना पैशांखेरीज दुसरें कांहीं आठवूं नये.) आरोपाचा न्याय करणें आमचें काम नव्हे. कोणी तें बटण रागानें दाबलें असेल, कोणी सांगण्यावरून. आमचा प्रश्न एवढाच, कीं त्यानें काय होतें हें त्या बारा हजारांपैकीं कितीजणांस ठाऊक होतें?

सर्वोच्च न्यायालयाच्या २०१३ सालच्या निकालानें हें बटण आलें. विधानसभेच्या निवडणुकींत त्यानें निकाल तसूभरही हालत नाहीं. ‘नोटा’ला सर्वांत अधिक मतें पडलीं, तरी उमेदवारांत जो पुढें तोच आमदार. महापालिकेची गोष्ट निराळी. राज्य निवडणूक आयोगानें २०१८ सालीं आदेश काढून ठरविलें कीं तेथें ‘नोटा’ पहिला आला तर फेरनिवडणूक घ्यावी. बटण तेंच, फुलीची खूण तीच. एका निवडणुकींत पोकळ, दुसरींत वजनदार. घाटकोपरच्या चाळींत किंवा बोरिवलीच्या पाड्यावर जाऊन हा भेद कोणी सांगितला?

यावर सुशिक्षितांचें ठरलेलें उत्तर येतें, कीं अडाणी माणसाला मताची किंमत काय कळणार! घरीं बसलेल्या अडुसष्टांत पदवीधर नव्हतेच काय? आणि अडाण्याला किती कळतें तें पाहावयाचें असेल तर गोव्याचें सार्वमत आठवावें. १६ जानेवारी १९६७ रोजीं गोमंतकीयांस सरळ सवाल केला गेला. महाराष्ट्रांत विलीन व्हावयाचें असेल तर फूल, वेगळें राहावयाचें असेल तर दोन पानें. वाचतां न येणारालाही खूण कळे, आणि तिच्यामागचा परिणामही कळे; कारण ‘गोमंतक’ आणि ‘राष्ट्रमत’ हीं दोन मराठी पत्रें त्याच गोष्टीवरून भांडत होतीं. दोन पानांना १,७२,१९१ मतें पडलीं, फुलाला १,३८,१७०.

विलीनीकरण मागणारा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष कुळांचा, बहुजनांचा. त्याची हार आमच्या पक्षाच्या लोकांना आजही बोचते. पण दोनच महिन्यांनीं, मार्चमध्यें, विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोव्यानें भाऊसाहेब बांदोडकरांचा पक्ष पुन्हा सत्तेवर बसविला! आम्ही याचा अर्थ असा लावतों, कीं भाटकाराच्या तावडींतून कुळाला राखणारें सरकार पाहिजे, पण तें पणजींतच पाहिजे, असें पुष्कळांनीं ठरविलें होतें. प्रश्न दोन होते, उत्तरेंही दोन दिलीं. याला अडाणीपणा कोण म्हणेल?

अंधेरीच्या मतदारांत अक्कल कमी नव्हती. त्यांच्यापुढें खूण ठेवली, परिणाम ठेवला नाहीं. निवडणुकीचें काम आम्हां शाळामास्तरांच्या गळ्यांत नेहमींच पडतें. केंद्रांत बसल्यावर आम्ही बोटाला शाई लावूं शकतों, बटणाविषयीं चकार शब्द काढूं शकत नाहीं, आणि तें योग्यच आहे. सांगावयाचें तें आधीं. मतदाराच्या घरीं जी चिठ्ठी येते, तिच्या पाठीमागें दोन ओळी छापाव्या: या निवडणुकींत ‘नोटा’ पहिला आला तर काय होईल. आयोगाला याचा खर्च शाईपुरता. तोंवर मत मागावयास जो कोणी दारीं येईल, मग तो कोणत्याही झेंड्याचा असो, त्याला उंबऱ्यावरच हा प्रश्न विचारावा, आणि उत्तर शेजारपाजारच्यांना ऐकूं जाईल अशा आवाजांत द्यावयास लावावें.