जिंकलात? आता टेबल बदला!

ऑक्टोबर २०२३. वर्ल्ड कपचा माहोल. पिंपरी-चिंचवड पोलीस दलातल्या एका उपनिरीक्षकाला ड्रीम इलेव्हनवर दीड कोटी लागले आणि निगडी-चाकणपट्ट्यातल्या कित्येकांच्या मनात 'आपणही ट्राय मारावा का?' हा प्रश्न चमकून गेला. पण वर्दीत मुलाखती दिल्याचा ठपका आला आणि त्याच महिन्यात साहेब निलंबित! लागलेला आकडा म्हणजे 'दि एंड' नसतो बॉस, इंटरव्हल असतो.

पोकरवाल्यांना तर हे जास्तच लागू. ऑगस्ट २०२५ मध्ये पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेम्सवर बंदी घालणारा कायदा संसदेने केला. ॲप्सनी टेबलं बंद केली आणि वॉलेटमधला बॅलन्स बँकेत परतला. आता हा पैसा पगाराशेजारी बसलाय. त्याचं करायचं काय?

आधी टॅक्स. ५० हजार टाकून अडीच लाख काढले असतील, तर निव्वळ जिंकले दोन लाख. त्यावर ३० टक्के, म्हणजे ६० हजार टीडीएस. वर टॅक्सवर ४ टक्के सेस, म्हणजे रिटर्न भरताना आणखी २,४०० तयार ठेवा. इथे ना स्लॅबची सूट, ना ८०सीची.

मग बँकरोल, म्हणजे फक्त खेळासाठी बाजूला काढलेलं भांडवल. कॅश गेमचा साधा फंडा असा, की हाताशी २० ते ३० बाय-इन हवेत. समजा, ६० हजार बाजूला आहेत आणि बाय-इन दोन हजारांचा. ३० बाय-इन, मामला सेफ. त्यातून प्राधिकरणातल्या फ्लॅटच्या डाउन पेमेंटसाठी ४० हजार काढले. शाब्बास! पण उरले २० हजार, म्हणजे जेमतेम दहा बाय-इन. चार-पाच रात्री उलट्या गेल्या की अर्धं भांडवल साफ. म्हणजे आता तुमचं टेबल हजाराच्या आतलं.

नेमका इथेच इगो आडवा येतो. काल मोठ्या टेबलावर बसणारा आज छोट्यावर बसत नाही. तो गुपचूप काढलेले ४० हजार परत आणतो.

आपल्या धर्मराजाचं काय झालं, आठवा. पहिल्या द्यूतात हरलेलं सगळं राज्य धृतराष्ट्राने परत दिलं होतं. फुल विड्रॉवल! पांडव घरी निघालेही होते. वनवास घडला तो पुन्हा बोलावणं आल्यावर परत पटावर बसल्यामुळे.

आजचं बोलावणं टेलिग्रामवर लिंक होऊन येतं, 'परदेशी ॲप, नो टेन्शन' म्हणत. तिथे पैसे अडकले तर दाद मागणार कुणाकडे? उरला गोव्याचा कॅसिनो. तिथे जिंकलात तरी टॅक्स ३० टक्के, आणि हरलेले पैसे त्यातून वजा होत नाहीत. तिथलं सगळ्यात छोटं टेबलही तुमच्या २० हजारांना झेपत नसेल, तर मांडवीवर मस्त फिरा, बसू नका.

आणि काढलेला पैसा? ज्या खात्याचं यूपीआय तुमच्या फोनवर नाही, तिथे त्याच दिवशी टाका. होम लोन चालू असेल तर मुद्दलात भरा. रात्री दीड वाजता तुमचं मन बदललं, तरी तो पैसा सकाळपर्यंत जागेवर असला पाहिजे. रिटर्न तिकीट फक्त माणसाचं काढायचं, पैशाचं नाही!