समुद्राचा केर आणि चुलीचा धूर

अमेरिकेच्या सेनेटमध्यें ऱ्होड आयलंडचे शेल्डन व्हाइटहाउस यांनीं २०१२ पासून हवामानावर २७५ हून अधिक भाषणें केलीं. ‘रिकाम्या बांकांपुढें बोलून काय साधलें?’ असें पुसणारांस आमचा उलट प्रश्न आहे: दोष बोलणाराचा कीं न ऐकणारांचा? समुद्रांतील केर हटविण्याचे, त्यांनीं इतरांसह मांडलेले कायदे २०१८ व २०२० सालीं दोन्ही पक्षांच्या संमतीनें झाले. पण कोळसा-तेलाच्या धुरावर आकार बसविण्याचें २०१४ चें त्यांचें विधेयक तसेंच पडून राहिलें. केर काढतांना कोळसा-तेलवाल्यांच्या तिजोरीस हात लागत नाहीं, आकार बसवितांना लागतो, हेंच यांतील इंगित! पृथ्वीवर सांचणाऱ्या जादा उष्णतेचा सुमारें ९० टक्के भाग समुद्रच गिळतो. त्याचा किनारा झाडावा आणि त्यास तापवीत राहावें, ही समुद्राची सेवा नव्हे. आम्ही तीस विटंबनाच म्हणूं.