उंबरठ्यावरचा तगादा

१/
मे महिना आला की १८७५च्या दख्खनच्या उठावावर थ्रेड सुरू होतात. १२ मे, सुपे, सावकारांच्या वह्या, जाळलेले रोखे, मग १८७९चा शेतकरी कर्जनिवारण कायदा. शेवटी कोणीतरी लिहितोच, की आता घरोघरी गटाचे कर्ज मिळते, सावकार इतिहासजमा झाला. हा थ्रेड त्या शेवटच्या वाक्याच्या विरोधात आहे.

२/
आपण सावकारीचा इतिहास व्याजाच्या दराने मोजतो, आणि चूक तिथेच होते. दर महत्त्वाचा आहेच. परंतु कर्जदाराला नमवणारी गोष्ट बहुधा दुसरीच असते: वसुली कोठे होते आणि ती कोण पाहते.

३/
पेशवाईतील ‘तगादा’ घ्या. एल्फिन्स्टनने १८१९च्या अहवालात त्याचे सविस्तर वर्णन केले आहे. साध्या मागणीपासून ते ऋणकोच्या दारी पहारा बसवणे, त्याला जेवू न देणे, डोक्यावर दगड देऊन उन्हात उभे करणे, येथपर्यंत सारे या एका शब्दात येई. ऋणको वरच्या दर्जाचा असेल तर धनको त्याच्या उंबरठ्यावर धरणे धरून बसे. दोन्ही प्रकारांत हत्यार एकच, चारचौघांतील अब्रू. १८६०च्या भारतीय दंड संहितेने कलम ५०८च्या उदाहरणात अशा धरण्याला थेट गुन्हा ठरवले.

४/
आमचे करमाड तेव्हा निजामाच्या राज्यात. येथे अरब आणि रोहिले सावकारांची ख्याती दरापेक्षा त्यांच्या हत्यारबंद वसुलीमुळे अधिक. खुद्द सरकारचेच तालुके अरब जमादारांकडे गहाण पडले होते. १८५३ साली दिवाण झालेल्या पहिल्या सालारजंगाला ते सोडवून घ्यावे लागले. राज्यच ज्यांच्यापुढे वाकले, त्यांच्यापुढे कुणब्याने काय करावे?

५/
विसाव्या शतकात हेच दृश्य गिरण्यांच्या फाटकावर दिसते. पगाराच्या दिवशी काठी घेऊन उभा असलेला पठाण सावकार. व्हिटली आयोगाने १९३१ साली शिफारस केली, की वसुलीसाठी कारखान्याला असा वेढा देणे हा दखलपात्र गुन्हा ठरवावा. पुढे १९४६च्या मुंबई सावकार अधिनियमाच्या कलम ३३ने ऋणकोच्या छळाची व्याख्याच केली: धमकावणे, ठिकठिकाणी पाठलाग करणे, घरापाशी किंवा कामाच्या जागेपाशी रेंगाळणे. हा शेवटचा शब्द लक्षात ठेवा. मारहाण नको, शिवी नको. नुसते रेंगाळणे गुन्हा. उंबरठ्यावर उभ्या असलेल्या माणसाचा अर्थ त्या कायदेकारांना नीट कळला होता.

६/
आता आज. करमाड जालना रस्त्यावर, शेंद्रा औद्योगिक पट्ट्याला लागून. घरात कोणी कंपनीत, कोणी शेतात. कर्ज कंपनीचे असते, त्याला लोक ‘गट’ म्हणतात. (स्वतःची बचत फिरवणारा बचत गट वेगळा; ही गल्लत कंपन्यांच्या पथ्यावर पडते.) काही बायकांचा गट, तारण काही नाही, आठवड्याचा किंवा पंधरवड्याचा हप्ता, एकीच्या घरी मिटिंग. एकीचा हप्ता चुकला तर बाकीच्यांनी भरायचा, आणि पैसे जमेपर्यंत कोणी उठायचे नाही. पहारा बसवावा लागत नाही. शेजारणीच तो देतात. मग एका गटाचा हप्ता दुसऱ्या गटाच्या कर्जातून भरला जातो, आणि कागदोपत्री वसुली उत्तम दिसते.

७/
प्रतिवाद ठाऊक आहे. बँकेत जायचे म्हणजे मजुरी बुडते, बँक दारात उभे करत नाही, खासगी सावकार याहून कितीतरी महाग पडतो. तिन्ही गोष्टी खऱ्या आहेत. पैसा दारात आणून देण्याला माझा आक्षेपही नाही. परंतु आणून देणे आणि दारातून वसूल करणे या दोन वेगळ्या क्रिया आहेत. ‘घरपोच सेवा’ हा शब्द त्या एक करून टाकतो.

८/
हा भेद राज्यकर्त्यांना कळत नव्हता असेही नाही. ऑक्टोबर २०१०मध्ये आंध्र प्रदेशाने वटहुकूम काढला: हप्ता महिन्याचा, वसुली सार्वजनिक ठिकाणी. त्यानंतर तेथील वसुली कोसळली. कंपन्यांनी याचा दोष राजकारणाला दिला. राजकारण होतेच, तरी दारातून हटताच वसुली ढासळत असेल, तर ती परतफेडीच्या ऐपतीवर कितपत उभी होती, हा प्रश्न उरतोच.

९/
रिझर्व्ह बँकेचे २०२२चे निर्देशही सांगतात, की वसुली दोघांनी ठरवलेल्या जागी व्हावी. सलग दोन किंवा अधिक वेळा ऋणको तेथे आली नाही तरच घरी जाता येते. सकाळी ९च्या आधी आणि संध्याकाळी ६नंतर वसुलीचे फोन नाहीत. मात्र याच निर्देशांनी व्याजदरावरची मर्यादा उठवली, आणि चर्चा पुन्हा दराभोवतीच फिरत राहिली.

१०/
त्याच वर्षी १० मे रोजी सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला, की रिझर्व्ह बँकेकडे नोंदलेल्या वित्त कंपन्यांना राज्यांचे सावकारी कायदे लागू नाहीत. महाराष्ट्राच्या २०१४च्या सावकारी कायद्यात छळाचा गुन्हा कायम आहे. म्हणजे परवानाधारक सावकार करमाडच्या गल्लीत एखाद्या दारापाशी रेंगाळला तर तो या कायद्याखाली गुन्हेगार. कंपनीचा माणूस त्याच दारापाशी रेंगाळला तर हा कायदा गप्प. धमकी दिली तर फौजदारी कायदा आहे. नुसता उभा राहिला, तर बाईने आधी कंपनीकडेच लेखी तक्रार करायची, ३० दिवस वाट पाहायची, आणि मग लोकपालाकडे जायचे. पुढचा हप्ता त्याआधी चारदा येऊन गेलेला असतो.