बिदागी नको, हिस्सा हवा!

चौदा एप्रिल आला की धाराशिव शहरापासून कळंब, परंडा, उमरग्यापर्यंत भीमगीत वाजत नाही अशी एकही वस्ती राहत नाही. या दिवसांत कुठल्याही जयंती मंडळाचा हिशेब उघडून पाहा. मंडपवाल्याचा दर ठरलेला असतो. डीजेवाला आगाऊ रक्कम हातात पडल्याशिवाय गाडी हलवत नाही. जनरेटर, डिझेल, फ्लेक्स, फुलं, सगळ्याची पावती असते. गायन पार्टीचा विषय निघाला की मात्र आवाज खाली येतो. "आपलाच माणूस आहे, समजून घेईल." कार्यक्रम संपल्यावर एक पाकीट, एक शाल आणि एक नारळ. ज्यानं ते गाणं लिहिलं, ज्यानं ते पहिल्यांदा गाऊन गावोगाव पोहोचवलं, त्याच्यासाठी या हिशेबात रकानाच नसतो.

आम्ही या लेखात एकच मुद्दा मांडतो. गाणाऱ्याला बिदागी देणं हा त्याचा सन्मान नाही. गाण्यातून जो पैसा निर्माण होतो त्यातला हिस्सा मिळणं हा त्याचा हक्क आहे. हा फरक कळला नाही तर काय होतं, ते शंभर वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांनी भोगलं आहे. म्हणून तिथून सुरुवात करू.

१९१८ मध्ये ऑटो हाइनमन या उद्योजकानं न्यूयॉर्कमध्ये 'ओके' नावाचं रेकॉर्डचं लेबल सुरू केलं. तोपर्यंत रेकॉर्ड कंपन्यांचा समज असा होता की कृष्णवर्णीय माणूस गिऱ्हाईकच नाही. पेरी ब्रॅडफोर्ड हा कृष्णवर्णीय संगीतकार कंपन्यांचे उंबरठे झिजवत राहिला. अखेर १० ऑगस्ट १९२० रोजी मॅमी स्मिथ या गायिकेनं त्याचं 'क्रेझी ब्लूज' ओकेसाठी गायलं. कृष्णवर्णीय गायिकेच्या आवाजातली ब्लूजची ही पहिली रेकॉर्ड मानली जाते. ती हजारोंनी खपली आणि कंपन्यांचे डोळे उघडले. पण डोळे उघडले ते बाजाराकडे. माणसाकडे नव्हे.

लगेच 'रेस रेकॉर्ड्स' नावाची वेगळी यादी तयार झाली. ओकेनं कृष्णवर्णीयांच्या रेकॉर्डसाठी ८००० पासूनचे क्रमांक ठेवले. १९२३ मध्ये राल्फ पीर या कंपनीच्या माणसानं अटलांटा शहरात जॉन कार्सन या गोऱ्या फिडलवादकाचं गाणं मुद्रित केलं. ते पीरला स्वतःला आवडलं नव्हतं, पण खपलं. मग गोऱ्या ग्रामीण गायकांसाठी ४५००० पासूनची दुसरी मालिका सुरू झाली, जिला पुढं जग कंट्री संगीत म्हणू लागलं. वास्तविक दोन्हीकडचे वादक एकमेकांच्या चाली उचलत होते, एकाच मातीतली दुःखं गात होते. तरी रेकॉर्डच्या क्रमांकात वस्ती वेगळी. गावकुसाबाहेरचं घर म्हणजे काय, हे आम्हाला कुणी समजावून सांगायची गरज नाही. इथं ते गावकूस शेलॅकच्या तबकडीवर छापलं होतं.

याच लेबलसाठी १९२५ मध्ये शिकागोत लुई आर्मस्ट्राँगनं आपल्या 'हॉट फाइव्ह'सह जॅझच्या इतिहासातली अजोड मुद्रणं केली. याच लेबलसाठी १९२८ मध्ये मिसिसिपीतला शेतमजूर जॉन हर्ट गायला. रेकॉर्ड फारशा खपल्या नाहीत, मंदी आली, हर्ट पुन्हा शेतात कामाला गेला. पस्तीस वर्षं कुणी विचारलं नाही. १९६३ मध्ये एका संगीतवेड्या तरुणानं त्याला शोधून काढलं, तेही कसं? हर्टनं आपल्या एका गाण्यात आपल्या गावाचं नाव घातलं होतं, अॅव्हलॉन. त्या एका शब्दावरून माग लागला. कंपनीनं माणूस विसरला होता. गाण्यानं त्याचा पत्ता जपून ठेवला होता.

आणि पैसा? बेसी स्मिथ ही त्या काळातली ब्लूजची सर्वांत मोठी गायिका. कोलंबिया कंपनी तिला गाण्यामागं ठरावीक रक्कम देत होती, विक्रीतला हिस्सा नाही. उलट राल्फ पीर पुढं व्हिक्टर कंपनीकडं गेला, तेव्हा त्यानं पगाराऐवजी गाण्यांच्या प्रकाशनाचे हक्क आपल्याकडं ठेवायला मागितले, आणि त्यावरच तो श्रीमंत झाला. ज्याला धंदा कळत होता त्यानं रोख रक्कम सोडून हक्क घेतला. ज्याला पोट भरायचं होतं तिनं हक्क सोडून रोख रक्कम घेतली. यात कलेची गुणवत्ता कुठं आली? हा सरळसरळ सत्तेचा प्रश्न आहे.

आता आपल्याकडं येऊ. ग्रामोफोन कंपनीनं १९०२ मध्ये कलकत्त्यात पहिली मुद्रणं केली, १९०८ मध्ये सियालदहला कारखाना उघडला. तबकडीच्या एका बाजूवर साधारण तीन मिनिटं मावत. रात्रभर चालणारा तमाशा, जलसा, गोंधळ तीन मिनिटांत कसा मावणार? जे मावलं ते विकलं गेलं, उरलेलं वस्तीत राहिलं. १९३१ मध्ये नाशिक जिल्ह्यात भीमराव कर्डकांनी आंबेडकरी जलसा उभा केला, तो माणसांच्या पायांवर चालला. त्याला तबकडीची वाट पाहायची नव्हती.

खरा बदल ऐंशीच्या दशकात झाला. कॅसेट स्वस्त झाली आणि बाजाराला आमच्या वस्त्या दिसल्या, जशा १९२० मध्ये ओकेला हार्लेमच्या वस्त्या दिसल्या होत्या. वामनदादा कर्डकांचे शब्द, विठ्ठल उमपांचा आणि प्रल्हाद शिंद्यांचा आवाज घराघरांत गेला. प्रल्हाद शिंद्यांनी भीमगीतं गायली तशी विठ्ठलाची भक्तिगीतंही गायली. ज्या देवळांच्या पायऱ्यांवर बापजाद्यांना उभं राहू दिलं नाही, त्याच देवळांच्या कर्ण्यातून हा आवाज पहाटे वाजू लागला. आवाज चालतो, माणूस चालत नाही, ही जातिव्यवस्थेची जुनी खोड आहे. हलगी हवी, हलगी वाजवणारा लांब हवा.

कॅसेटच्या धंद्यात एकरकमी पैसे देऊन सगळे हक्क लिहून घेण्याची पद्धत सर्रास होती. गायकाच्या हातात त्या दिवशी नोटा पडायच्या, पुढं कॅसेट किती निघाल्या याचा हिशेब त्याला कुणी दाखवत नसे. त्याच गाण्यांवर आज मोबाइलवर जाहिराती चालतात. हे नवं बलुतं आहे, असं आमचं स्पष्ट म्हणणं आहे. बलुत्यात काय होतं? काम ठरलेलं, मोबदला देणाऱ्याच्या मर्जीवर. काम पिढीजात, हिशेब विचारायची सोय नाही. म्हणून तर बाबासाहेबांनी १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्तीचं विधेयक आणलं. म्हणून तर आपल्या जिल्ह्यात कसबे तडवळ्याला फेब्रुवारी १९४१ मध्ये महार-मांग वतनदार परिषद भरली आणि बाबासाहेब स्वतः तिला आले. दरवर्षी त्या परिषदेचा स्मृतिदिन आपण गाणी गाऊन साजरा करतो. त्या गाण्यांचा मोबदला मात्र मर्जीवरच ठेवतो. यातली विसंगती कुणाला दिसते का?

काही जण म्हणतील, आपली स्वतःची कंपनी काढली की प्रश्न सुटेल. हा प्रयोगही तिथं झाला आहे. १९२१ मध्ये हॅरी पेस यांनी हार्लेममध्ये 'ब्लॅक स्वान' हे कृष्णवर्णीयांच्या मालकीचं लेबल काढलं. त्याच्या संचालकांत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस होते, तेच ड्यू बॉइस ज्यांना बाबासाहेबांनी १९४६ मध्ये पत्र लिहिलं होतं. एथेल वॉटर्सच्या रेकॉर्ड तिथून गाजल्या. पण याच कंपनीनं बेसी स्मिथला नाकारलं. तिचं गाणं त्यांना फार रांगडं वाटलं! समाजाची प्रतिमा उंचावायची तर गाणं सभ्य हवं, हा त्यांचा आग्रह. बेसी गेली कोलंबियाकडं आणि त्या कंपनीची तिजोरी भरली. ब्लॅक स्वान १९२४ मध्ये पॅरामाउंट या लेबलच्या ताब्यात गेलं. ते पॅरामाउंट मुळात विस्कॉन्सिनमधल्या एका खुर्च्या बनवणाऱ्या कारखान्याचं होतं.

हा धडा आमच्या नोकरदार, शिकलेल्या मंडळींनी नीट वाचावा. तुळजापूरला नवरात्रात आराधी मेळे गातात. त्या बायका कोण आहेत, कुठल्या जातींतून येतात, हे सांगायला नको. त्यांच्या गाण्यांचे व्हिडिओ लाखो लोक पाहतात. आमच्यातले कित्येक जण म्हणतात, बावीस प्रतिज्ञा घेतल्यावर या देवीच्या गाण्यांशी आपला काय संबंध? आम्ही प्रतिज्ञा पाळतो, देवीची गाणी गाणार नाही. पण गाणाऱ्या बाईच्या कष्टाचा मोबदला हा श्रद्धेचा प्रश्न नसून श्रमाचा प्रश्न आहे. तमाशातल्या बाईचंही तेच. विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपती पदक मिळालं, तरी २००२ मध्ये मृत्यू आला तो हलाखीतच. आता त्यांच्या नावानं सरकार जीवनगौरव पुरस्कार देतं. शैलजा पाईक यांनी तमाशातल्या दलित स्त्रियांवर २०२२ मध्ये अख्खा ग्रंथ लिहून दाखवून दिलं आहे की 'अश्लील' हा शिक्का जातीच्या हातात असतो. तो शिक्का आपणच आपल्या बायांवर का मारायचा?

सर्वांत मोठा आक्षेप चळवळीच्या नावानं येतो. भीमगीत हे समाजाचं, त्याचे पैसे कसले मागता? वस्तीत, बुद्धविहारात, मोर्चात गाणं फुकटच गायलं जावं, त्याला आमचा विरोध नाही. वामनदादा आयुष्यभर तसेच फिरले. पण गाणं जर समाजाचं आहे, तर कंपनी आणि चॅनेलवाले त्यावर पैसे का कमावतात? मालक घेतो तेव्हा तो धंदा, आणि गायक मागतो तेव्हा ती गद्दारी, हे कुठलं गणित?

कायदा आज आपल्या बाजूनं बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये दुरुस्ती झाली. ध्वनिमुद्रणातल्या गीताच्या आणि संगीताच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीत गीतकार-संगीतकाराचा समान हिस्सा त्याच्याकडून लिहून घेता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. गायक-वादकांनाही प्रयोगकर्ता म्हणून हक्क आहेत आणि व्यावसायिक वापरावर रॉयल्टीचा अधिकार आहे. पारंपरिक आराधी गीतावर कुणाची मालकी नसेल, पण ते ज्या बाईनं गायलं त्या गायनावर तिचा हक्क आहे.

मग करायचं काय? प्रत्येक जयंती मंडळानं यंदा हिशेबात गायन पार्टीचा रकाना लिहावा, आधी ठरलेल्या रकमेचा. गाण्यापूर्वी कवीचं नाव माइकवरून सांगावं. न वाचता करारावर सही करू नये, करार मराठीत मागावा, आणि तो वाचून दाखवायला वस्तीतल्या वकिलीच्या, समाजशास्त्राच्या पोरांनी पुढं यावं. गीतकार-संगीतकारांनी आयपीआरएस या सोसायटीचं सभासदत्व घ्यावं.

आणि शेवटचं कडवं कापू नका. आपले शाहीर शेवटच्या कडव्यात आपलं नाव गुंफत आले. ती हौस नव्हे. नोंदणी कार्यालयाची पायरी ज्याला चढता आली नाही त्यानं गाण्यातच केलेली ती नोंद आहे. गाणं लांबतं म्हणून ते कडवं गाळलं की कवी गेला, आणि त्याच्याबरोबर त्याच्या लेकरांचा हक्कही गेला. वतन सोडायला आपल्याला बाबासाहेबांनी शिकवलं. हिस्सा मागायला आता आपणच शिकायचं आहे.

जय भीम!