खिडकीवरचे लेबल आणि पुसट होत जाणारा इतिहास

विशेष प्रतिनिधी
मुंबई

रजिस्टर्ड पोस्ट ही स्वतंत्र सेवा १ सप्टेंबर २०२५ रोजी स्पीड पोस्टमध्ये विलीन झाली. पाठोपाठ १ ऑक्टोबरपासून स्पीड पोस्टचे नवे दर लागू झाले. यापूर्वीची दरवाढ २०१२ मधील होती. म्हणजे विलीन झालेली सेवा आणि जुने दर हे समीकरण केवळ सप्टेंबर महिनाभर टिकले. त्याचा पुरावा कोणत्याही तिकिटावर नाही. तो आहे टपाल कार्यालयाच्या खिडकीवर छापून पाकिटावर चिकटवल्या जाणाऱ्या साध्या लेबलवर. पाकीट फोडले की बहुतेक घरांत हे लेबल थेट केराच्या टोपलीत जाते.

तिकीट हे राष्ट्राचे, तर लेबल हे व्यवहाराचे अपत्य. नाशिकच्या भारत प्रतिभूती मुद्रणालयात १९२० च्या दशकापासून छापल्या जाणाऱ्या तिकिटांवर थोर पुरुष, पक्षी, किल्ले दिसतात. मात्र ते तिकीट कोठून, केव्हा विकले गेले हे त्यावरून कळत नाही. लेबलवर कार्यालयाचे नाव, पिनकोड, तारीख, वेळ, वजन आणि आकारलेली रक्कम नोंदलेली असते. टपाल इतिहासाच्या अभ्यासकाला नेमके हेच हवे असते.

परदेशात या लेबलांना केव्हाच प्रतिष्ठा मिळाली. स्वित्झर्लंडने १९७६ मध्ये ‘फ्रामा’ कंपनीच्या यंत्रांतून लेबले विकण्यास प्रारंभ केला. जर्मनीने १९८१ मध्ये, तर ब्रिटनने १९८४ मध्ये हा मार्ग अनुसरला. ब्रिटनचा प्रयोग वर्षभरातच गुंडाळला गेला; पण या ‘फ्रामा’ लेबलांचे संग्राहक जगभर निर्माण झाले आणि कॅटलॉगांनीही त्यांची दखल घेतली.

ब्रिटनमधीलच दुसरे उदाहरण अधिक बोलके आहे. तेथील खिडक्यांवर छापली जाणारी लेबले संग्राहकांत ‘होरायझन लेबल’ म्हणून ओळखली जातात. याच होरायझन संगणक प्रणालीतील चुकीच्या हिशेबांमुळे १९९९ ते २०१५ या काळात नऊशेहून अधिक उपडाकपाल दोषी ठरवले गेले. अखेर २०२४ मध्ये कायदा करून अशा शेकडो शिक्षा रद्द कराव्या लागल्या. ज्याला कोणी कवडीची किंमत देत नव्हते, तो कागद आज एका मोठ्या अन्यायाच्या काळाची खूण ठरला आहे.

खरा प्रश्न या लेबलांच्या आयुष्याचा आहे. थर्मल कागदावरील छपाईत शाई नसते. उष्णतेने कागदाचा लेप काळा होतो, एवढेच. ऊन, उष्मा आणि प्लास्टिकच्या पिशव्यांतील रसायने यांमुळे अक्षरे काही वर्षांतच फिकी पडतात. मुंबईसारख्या दमट हवेत धोका आणखी वाढतो. १८५२ च्या ‘सिंद डाक’ तिकिटांचे नमुने आजही पाहता येतात. २०२५ चे लेबल २०४० मध्ये वाचता येईलच, याची खात्री देता येत नाही.

त्यामुळे संग्राहकांनी काही पथ्ये पाळणे इष्ट. लेबल पाण्यात भिजवून सोडवू नये. अख्खे पाकीटच जपावे, कारण लेबल आणि शिक्का एकत्र असतील तरच पुरावा पूर्ण होतो. पाकीट अंधाऱ्या, कोरड्या जागी ठेवावे आणि आल्याबरोबर त्याची प्रतिमा काढून घ्यावी. लेबलवर पाठवणारा व घेणारा यांची नावे असतात. प्रदर्शनात मांडताना ती झाकण्याचे भान हवे.

मात्र हा भार केवळ छंदिष्टांनी का वाहावा? नवे तिकीट निघाले की टपाल खाते त्याचे माहितीपत्रक काढते, प्रथम दिवस आवरण विकते. लेबलचा नमुना बदलतो तेव्हा निदान त्याची तारीख जाहीर करावी आणि टिकाऊ कागदावरील एक प्रत जतन करावी. त्यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. तिकिटाची जागा लेबल घेत असताना त्याची नोंद न ठेवणे म्हणजे आपल्याच कारभाराचा पुरावा आपल्या हातांनी पुसणे होय.