हाड नाही म्हणून टाकाऊ?

"डायनासोर सापडला का हो? नाही ना? मग बातमी कसली?" वणी तालुक्यातल्या चुनखडीतल्या जीवाश्मांवर काही लिहिलं की हेच ऐकतो. वाचकांकडून ऐकतो आणि साहेबांकडूनही. म्हणून आज जरा लांब लिहितोय. पूर्ण वाचा, मग बोला.

वणी, झरी, कोरपना, राजुरा या आपल्या पट्ट्यातली चुनखडी भूगर्भशास्त्रात पैनगंगा गटात मोडते. ती समुद्राच्या तळाशी साचली. वय शंभर कोटी वर्षांच्या घरात. डायनासोर संपले साडेसहा कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे या दगडापुढे ते परवाचं पोर! इथे हाड मिळणारच नाही, कारण हाड असलेला एकही प्राणी तेव्हा पृथ्वीवर नव्हता.

होते ते सूक्ष्मजीव. उजेड पोचेल अशा उथळ पाण्यात त्यांचा चिकट थर तळावर पसरायचा, त्यात गाळ अडकायचा, चुना बसायचा. जीव पुन्हा उजेडाकडे वर सरकायचे की वर नवा थर. असे घुमट तयार झाले. आडवे कापले तर पत्ताकोबी चिरल्यासारखे दिसतात. हेच स्ट्रोमॅटोलाइट. आपल्या तालुक्यात ते आढळल्याच्या बातम्या येऊन गेल्या आणि आपण व्हॉट्सॲपवर अंगठा दाखवून मोकळे झालो.

जीवाश्म म्हणजे फक्त शरीर नव्हे. गाळात कुणी सरपटलं, बीळ केलं, तर ती खूणही जीवाश्मच. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात बागची चुनखडी आहे, साधारण नऊ कोटी वर्षांची. त्यात झिंग्याच्या जातकुळीतल्या जीवांनी पोखरलेली, फांद्या फुटलेली बिळं दगड होऊन बसलीत. त्यांवरून तेव्हाचा तळ मऊ होता की घट्ट, पाण्यात प्राणवायू होता की नाही, याचा अंदाज बांधता येतो.

आपल्या खडकात ती बिळंच नाहीत. थर वहीच्या पानांसारखे सपाट, एकावर एक, कुणी न ढवळलेले. ढवळणारा जन्मालाच आला नव्हता! पुढे प्राणी आले, हे चिकट थर कुरतडू लागले आणि स्ट्रोमॅटोलाइट आटत गेले. आज जिवंत पाहायचे तर ऑस्ट्रेलियातल्या शार्क बेसारख्या मोजक्या जागी जावं लागतं. तिथलं पाणी इतकं खारट की कुरतडणाऱ्यांना फारसं मानवत नाही.

आता कुणी शहाणा म्हणेल, प्राणवायू कमी असलेल्या तळावरही बिळं नसतात. बरोबर आहे. म्हणून तर थर, घुमट, खडकाचं रसायन सगळं एकत्र वाचावं लागतं. त्यासाठी दगड जागेवर लागतो, सिमेंटच्या पोत्यात नाही.

खाणी बंद करा असं मी म्हणत नाही. किती घरांच्या चुली त्यावर पेटतात हे मला कुणी शिकवू नये. पण राजस्थानात चित्तोडगडजवळ भोजुंदा आणि उदयपूरजवळ झामरकोटडा इथले स्ट्रोमॅटोलाइट राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकं आहेत. झामरकोटडा तर फॉस्फेटच्या खाणीचं गाव! तिथे खाण आणि स्मारक दोन्ही नांदतात, मग आपल्याकडे काय आडवं येतं? भूवारशाच्या कायद्याचा मसुदा केंद्राने डिसेंबर २०२२ मध्ये काढला. कायदा अजून नाही. तोवर ब्लास्टिंग काही थांबत नाही.

पर्यावरण अहवालात झाडं मोजतात, पक्षी मोजतात, देवळं मोजतात. मी चाळलेल्या अहवालांत दगडातल्या जीवांसाठी ओळसुद्धा नव्हती. खाणपट्ट्यात कुठे घुमट दिसतात याची आधी भूवैज्ञानिकाकडून पाहणी व्हावी आणि एक चांगला उघडा कडा कुंपण घालून राखावा, एवढीच मागणी आहे. शेकडो एकरांच्या पट्ट्यात दोन गुंठे जड होतात का?

पुढच्या जनसुनावणीला नोकरी आणि धुळीचा प्रश्न विचाराच. सोबत हाही लेखी द्या, आणि पोच घेतल्याशिवाय मंडपातून हलू नका.