दुर्बीण नको, बंदूक तेवढी ठेवा

परदेशातली पोरं कार्बाइनला नळी, दस्ता, दुर्बीण निवडून जोडतात, ते व्हिडिओ आमची पोरं बघत बसतात. इथे विनापरवाना नळी आखूड केली तरी १९५९ च्या शस्त्र कायद्याने गुन्हा. बरोबरच आहे ते!

पण सावंतवाडीच्या बागायतदाराकडे असते आजोबांची ठासणीची बंदूक. हवेत एक बार काढला की केल्डी पळतात, बस्स. निवडणूक आली की तीच जमा करा! २०२४ ला आचारसंहिता लागली १६ मार्चला, निकाल ४ जूनला. काजूचा ऐन हंगाम त्यातच गेला. माझी बंदूक ठाण्यात, बोंडू केल्डींच्या तोंडात.

साहेब, छाननी समिती असते ना? मग जामिनावर सुटलेल्यांची, दंगलीत नाव असलेल्यांची घ्या. शेतीसंरक्षणाचा परवाना तुम्हीच दिलात, तो काय भिंतीवर लावायला?

अर्ज लिहून ठेवलाय. काजूवाल्यांनी सहीला या.